गाडी पुसू नका

मागच्या महिन्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल लिहिलं, तेव्हा दोघातिघांनी विचारलं की गाडीही भांड्यासारखी घासूनच चमकते ना? विचारणारे सगळे पंचविशी-तिशीतले. त्यातला एक माझा सख्खा भाचा. त्याने याच वर्षी २०१४ सालची काळी पोर्शे ९११ सेकंडहँड घेतली आहे. तेव्हा या वेळी भांडी बाजूला ठेवू आणि गाडीकडे वळू. माझी नोकरी रंग बनवणाऱ्यांतली असल्यामुळे हा विषय तसा घरचाच.

पितळेचं पातेलं कितीही घासलं तरी खाली पितळच निघतं. गाडीचं तसं नाही. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून कारखान्यातून निघालेल्या गाडीवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २०२२ च्या डिसेंबरअखेरपासून दुकानातली प्लास्टिकची पिशवी निदान १२० मायक्रॉन जाडीची हवी असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे कोटीच्या गाडीचा सगळा रंग भाजीच्या पिशवीएवढा जाड. त्यातही तुम्हाला दिसणारी चमक वरच्या ४०-५० मायक्रॉनची, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. हाच थर उन्हातली अतिनील किरणं अडवून खालचा रंग सांभाळतो.

रबिंग-पॉलिश म्हणजे हा थर थोडा थोडा कापणं. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. मशीनवर कटिंग कंपाउंड घेऊन केलेल्या एका फेरीत दोन-चार मायक्रॉन सहज जातात. बोनेटच्या कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा दाब तिथेच जास्त पडतो. क्लिअर कोट फार पातळ झाला की काही उन्हाळ्यांत तो पांढुरका पडतो, मग पापुद्रे सुटतात. त्यावर पॉलिशचा उपाय नाही, ते पॅनेल पुन्हा रंगवावंच लागतं.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे माहीत नव्हतं असं नाही. दर रविवारी फियाटला पॉलिश करताना त्यांच्या फडक्याला गाडीचा रंग लागायचा. त्या गाड्यांना वेगळा क्लिअर कोट नसे, वरपासून खालपर्यंत रंगच. फडकं निळं झालं की हात आपोआप आवरायचा. आता जातो तो थर पारदर्शक, फडकं पांढरंच राहतं. रविवारची सवय मात्र वडिलांकडून मुलाकडे जशीच्या तशी आली आहे.

भाच्याची गाडी विकणाऱ्याने ‘शोरूम कंडिशन’ म्हणून दिली होती आणि खरोखर आरशासारखी चमकत होती. मला ती चमकच खटकली. इतक्या वर्षांच्या काळ्या गाडीवर एकही ओरखडा नाही, म्हणजे कुणीतरी ते कापून काढले आहेत. घेण्याआधी त्याने मेकॅनिककडून लोहचुंबक फिरवून पुट्टी तपासून घेतली होती. या गाडीची दारं अॅल्युमिनियमची आहेत. तिथे चुंबक चिकटतच नाही, मग पुट्टी असली काय नि नसली काय! रंगाची जाडी मोजणारं गेज लागतं आणि तेही लोखंड व अॅल्युमिनियम दोन्हीवर चालणारं. बंपर प्लास्टिकचे, त्यांवर साधं गेज आकडा दाखवत नाही.

मी गेज घेऊन गेले. छतावर ११८ ते १२४. उजव्या दारावर ११५. डाव्या दारावर २३६, म्हणजे ते पुन्हा रंगवलेलं. बोनेटवर मधोमध ९२ आणि पुढच्या कडेला ८१. गेज सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, पण छताशी ताडून पाहिलं तर बोनेटवरून ३० मायक्रॉनच्या आसपास गेले असावेत हे उघड होतं.

आता खरी अडचण. लग्न महिन्यावर आलेलं, रोजच्या पुसण्याने बोनेटवर पुन्हा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटलेले आणि भाच्याने एका डिटेलिंगवाल्याला तीन टप्प्यांच्या करेक्शनसाठी आगाऊ पैसे देऊन ठेवलेले. त्या दुकानात गाडी दोनदा बघून गेले, पण जाडी कुणी मोजली नव्हती. “मावशी, हॉटेलच्या पोर्चमधल्या एलईडीखाली सगळी जाळी दिसेल. फोटो आयुष्यभर राहतात,” भाचा म्हणाला. मी म्हटलं, “फोटो राहतील, बोनेट राहणार नाही.” दोन दिवस आमचं बोलणं जरा तुटक झालं. ताईने मला फोन करून “त्याच्या हौसेच्या आड कशाला येतेस?” असंही सुनावलं.

पण प्रश्न फक्त हौसेचा नव्हता. बोनेट पुन्हा रंगवलं तर खर्च आलाच, शिवाय पुढे गाडी विकताना घेणाऱ्याचं गेज तिथे दोनशेच्या वर आकडा दाखवणार आणि तो अपघाताची शंका घेणार. शेवटी दुसरा रस्ता काढला. ग्लेझ नावाचं एक क्रीम मिळतं. ते थर कापत नाही, बारीक ओरखडे तात्पुरते भरून काढतं. ते हाताने लावून वर मेण लावलं की दोन-चार धुण्यांपर्यंत जाळी लपते. छतावर आणि उजव्या दारावर हलकं फिनिशिंग पॉलिश करून घेतलं, बोनेटला मशीन लावू दिलं नाही. आगाऊ रकमेतली निम्मी परत मिळाली. फोटो छान आले. जाळी आता पुन्हा दिसायला लागली आहे आणि ती तशीच राहणार आहे.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरली होती, तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. अशा स्पर्धांमध्ये मूळ रंग जपलेल्या गाड्यांचा जगभर वेगळा वर्ग असतो. रंगाला बारीक तडे गेलेले चालतात, नवा रंग चालत नाही. भाच्याला हे पटलं की नाही कुणास ठाऊक, पण मला तरी पटतं.

तर ओरखडे मुळात येतात कुठून? रस्त्यावरचे खडे टवके उडवतात, पण ही जाळी बहुतेक वेळा पार्किंगमध्येच विणली जाते. सकाळी सहाला एक बादली आणि एक फडकं घेऊन सोसायटीतल्या दहा गाड्या पुसल्या जातात, आणि पहिल्या गाडीची धूळ दहाव्या गाडीवर घासली जाते. आपली बडोद्याची धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि वाळूतला क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. भाचा त्या काकांना रागावायला निघाला होता. त्यांना महिन्याला काही शे रुपये देणारे आपण, दोन बादल्यांचं पाणी न देणारेही आपणच. आता त्यांच्याशी ठरलं आहे की रोज पुसायचं नाही, आठवड्यातून दोनदा धुवायचं, पैसे तेवढेच. त्यांनी हीच गोष्ट बाकीच्या गाडीवाल्यांनाही विचारली. दोघेच तयार झाले. इतरांना गाडी रोज पुसलेली दिसायला हवी.

धुण्याची रीत अवघड नाही. गाडी सावलीत आणि बोनेट हाताला गार लागेल अशी असावी. आधी नुसत्या पाण्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्यायची, हात लावायचा नाही. मग शाम्पूचा फेस पाच मिनिटं राहू द्यायचा, पण वाळू द्यायचा नाही. त्यानंतरच मायक्रोफायबरचा हातमोजा. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. प्रत्येक पॅनेलनंतर मोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, हात सरळ रेषेत फिरवायचा आणि दाब मोज्याच्या वजनाएवढाच. चाकांना वेगळी बादली आणि वेगळं फडकं. स्पोर्ट्स कारचे ब्रेक मोठे, त्यांची काळी भुकटी लोखंडाच्या कणांची असते आणि ते कण मोज्यात अडकले की दारावर जातात. गाडी नुकतीच पळवून आणली असेल तर तापलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी मारू नका. ९११ चं इंजिन मागे असतं, तेव्हा मागच्या झाकणाच्या फटींत प्रेशरचा फवारा सोडू नका. कपड्यांची पावडर तर नकोच, तिच्यातला सोडा मेणाचा थर काढून टाकतो.

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे घरोघरी चालतं. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचवण्याचा विचार चांगलाच आहे, पण नळाच्या पाण्यातले क्षार त्या पाण्यात आणखी दाट झालेले असतात. थेंब वाळला की मागे पांढरं कडं राहतं आणि उन्हात ते कडं रंगात रुततं. ते पाणी फरशीला वापरा. बोअरचं जड पाणी असेल तर गाडी धुतल्याबरोबर जाड, मऊ टॉवेल पसरून ठेवायचा आणि पाणी टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. आणि धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने कव्हर हललं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं.

पक्ष्यांची शीट मात्र रविवारची वाट पाहत नाही. उन्हात क्लिअर कोट किंचित मऊ होतो आणि संध्याकाळी आकसताना शीटेच्या डागाभोवती आवळला जातो. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून मग अलगद उचलून घ्यायचं.

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातींवर माझं मत स्पष्ट आहे. तो थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा असतो. पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, एवढं खरं. ओरखडे आणि खडे अडवायची त्याची ताकद नाही. खडे अडवते ती पारदर्शक फिल्म, पीपीएफ, साधारण २०० मायक्रॉनची. ती महाग आहे, म्हणून सगळ्या गाडीला लावायची गरज नाही. पुढचा भाग आणि मागच्या चाकांच्या पुढचे फुगीर गाल, जिथे चाकांनी उडवलेले खडे लागतात, तेवढं पुरे.

आतल्या बाजूला लोक उलट करतात, सफाई कमी आणि क्रीम जास्त. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या चामड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो, म्हणजे तुम्ही चामड्याला नव्हे तर एका प्रकारच्या रंगालाच हात लावता. तेलकट क्रीम आत मुरत नाही, वर बसून धूळ धरतं. पिळलेल्या ओल्या मायक्रोफायबरने आठवड्याला पुसणं आणि पार्किंगमध्ये काचेला सनशेड लावणं यातच निम्मी निगा आली. स्पोर्ट्स सीटच्या उंच बाजू सगळ्यात आधी झिजतात, ड्रायव्हरच्या दाराकडची तर नक्कीच. बाजूवर घासत आत शिरू नका. नवी जीन्स फिकट सीटवर निळा रंग सोडते, तो त्याच दिवशी काढा.

भाच्याच्या स्टिअरिंगला अल्कांतारा आहे. त्याला ते सांबराचं कातडं वाटत होतं. ते कापड आहे, सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन. १९७० साली जपानमध्ये तोरे कंपनीच्या मियोशी ओकामोतो यांनी शोधलेलं आणि इटलीत बनणारं. हातांच्या तेलाने त्याची लव चिकटून काळी, गुळगुळीत होते. शुद्ध पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग मऊ ब्रशने लव उभी करा. क्रीम अजिबात नाही. आणि डोक्याला खोबरेल लावून हेडरेस्टवर मान टाकू नका, हे मी आमच्या ताईलाच सांगितलं आहे.

गाडीची पूजा झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. फक्त ओल्या हळदकुंकवाचं स्वस्तिक बोनेटऐवजी समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा. काचेवर डाग धरत नाही. आमच्या आईंनी दसऱ्याला काहीच हरकत घेतली नाही. हाराच्या तारेची टोकं दुमडून घ्या आणि अक्षता फडक्याने झटकू नका, पाण्याने वाहू द्या.

आता उत्तरायण येतंय. काचेचा मांजा छतावर अडकला तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा आणि मधला तुकडा वरच्यावर उचला. जमल्यास १४ आणि १५ जानेवारीला गाडी तळघरातच राहू द्या.