मे महिन्यात पुस्तके घरी जाऊ द्या

विदर्भातल्या शाळांची उन्हाळी सुटी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा लांबते. २०२४ मध्ये राज्यातल्या इतर शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भातल्या १ जुलैला. २०२५ मध्ये या तारखा १६ जून आणि २३ जून अशा होत्या. कारण सांगायला नको. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सेलू तालुक्यातल्या गावांत सकाळी अकरा वाजले की रस्ते ओस पडतात, पऱ्हाट्या वेचण्याचे आणि वखरणीचे काम पहाटेच उरकून घ्यावे लागते आणि लहान पोरांना ऊन लागेल म्हणून पाच वाजेपर्यंत घराबाहेर सोडत नाहीत. रोजचे पाच-सहा तास, असे पन्नास-साठ दिवस. नेमक्या याच दिवसांत शाळेतल्या गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट कुलूपबंद असते. उन्हाळी वाचन प्रकल्पांवर दरवर्षी बरेच बोलले जाते. माझे म्हणणे त्यातल्या एकाच गोष्टीपुरते आहे. सुटी लागण्याआधी ही पुस्तके मुलांच्या घरी गेली पाहिजेत, आणि मूल वाचेल तेव्हा ऐकायला कुणीतरी असले पाहिजे. बाकी काही केले नाही तरी चालेल.

पहिली ते चौथीच्या मुलांसाठी हे का महत्त्वाचे, ते नीट पाहायला हवे. ग्रामीण भारतातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार तिसरीतल्या साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये, कोरोनातल्या शाळाबंदीनंतर, हा आकडा २० टक्क्यांच्या जवळ घसरला होता. तो सावरला, पण सावरून पोहोचला तो २०१८ मध्ये होता तिथेच. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ सुरू केले तेव्हा २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी शाळेत पुष्कळ काही चालते: चाचण्या, कृतिपत्रिका, भेटी, अहवाल. पण नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या मुलाला सगळ्यांत जास्त गरज असते ती सरावाची, आणि तो सराव पुरेसा व्हायला हाताशी खूप सोपा, आवडीचा मजकूर लागतो. पाठ्यपुस्तक त्याला पुरे पडत नाही. ते वर्षभरात पाठ झालेले असते, आणि पाठ झालेले म्हणून दाखवणे म्हणजे वाचणे नव्हे.

सुटीत मुले नेमके किती विसरतात, यावर अभ्यासकांत एकमत नाही हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत पॉल फॉन हिप्पेल यांनी २०१९ मध्ये जुन्या निष्कर्षांवर गंभीर शंका घेतल्या. चाचणीची पद्धत बदलली की सुटीतली घसरण कधी दिसते, कधी दिसत नाही, असे त्यांनी दाखवले. माझा मुद्दा मात्र घसरणीवर उभा नाही. मूल काहीच विसरले नाही असे धरले, तरी वाचनाला मोकळे असलेले दोन महिने पुस्तकाविना जातात हे उरतेच. आणि पुस्तके दिली तर काय होते, याचा पुरावा उपलब्ध आहे. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रांझन यांनी फ्लोरिडातल्या १७ गरीब शाळांमधल्या मुलांना सलग तीन उन्हाळे प्रत्येकी १२ पुस्तके दिली. पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ही मुले वाचनात इतरांच्या पुढे गेली, आणि सर्वाधिक फायदा सर्वांत गरीब घरच्या मुलांना झाला. त्याआधी, २००८ मध्ये, जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांना दुसरी गोष्ट आढळली होती. तिसरी ते पाचवीच्या ज्या मुलांना नुसती पुस्तके मिळाली, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांच्याकडून शिक्षकांनी शाळा संपण्याआधी मोठ्याने वाचण्याचा आणि वाचलेले समजून घेण्याचा सराव करून घेतला आणि घरी कुणालातरी वाचून दाखवायला सांगितले, ती मुले पुढे गेली. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचायला हवेत. निवड मुलाची हवी, आणि सुटीपूर्वीच्या आठवड्यात शिक्षकाची थोडी मेहनत हवी. सुटीत शिक्षकाला शाळेत बोलावण्याची गरज नाही.

मग अडते कुठे? पुस्तके नाहीत असे म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. चित्रमय गोष्टीचे पुस्तक पन्नास रुपयांचे धरले तर त्यात शंभर पुस्तके येतात. तीस-पस्तीस पटाच्या जिल्हा परिषद शाळेत दोन-तीन वर्षांत प्रत्येक मुलाला पाच-सहा पुस्तके घरी देण्याइतका साठा होतो. अडते ते दाखल नोंदवहीपाशी. प्रत्येक पुस्तकावर शिक्का आणि क्रमांक असतो, आणि मुख्याध्यापकाची बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावे लागते. कमी भरले तर जाब त्यालाच. फाटलेल्या पुस्तकाच्या निर्लेखनाला परवानगी मिळवायची तर कागद वरपर्यंत फिरवावे लागतात. अशा स्थितीत शहाणा मुख्याध्यापक पुस्तकांना खाकी कव्हर घालतो, कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. त्याला दोष देता येत नाही. वापरून झिजलेल्या पुस्तकासाठी आपली व्यवस्था त्याला धरते आणि दहा वर्षे कोरे राहिलेल्या पुस्तकासाठी कुणी काही विचारत नाही. हे उलटे झाले पाहिजे. एकूण साठ्यापैकी दरवर्षी दहा टक्के पुस्तके फाटली किंवा हरवली तर ती शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने कमी करता यावीत, एवढा नियम पुरेसा आहे. सातवीपर्यंतच्या मुलांच्या हातून पुस्तक फाटणारच. ते वाचले गेल्याची ती खूण आहे.

सुटी तरी मुलांना सुखाने घेऊ द्या, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच ‘प्रकल्प’ या नावाखाली जे दिले जाते त्याला माझा विरोध आहे. पुस्तक वाचा, लेखकाचे नाव लिहा, सारांश लिहा, चित्र चिकटवा, पालकांची सही आणा, आणि जूनअखेर वही तपासायला द्या. अशा वहीने मूल पुस्तकाकडे वळत नाही. वही भरते, तीही बरेचदा आईच्या किंवा ताईच्या अक्षरात. फ्लोरिडातल्या मुलांना वही भरायची नव्हती. मूल एकच पुस्तक सात वेळा वाचेल, एखादे अर्ध्यात टाकेल, नुसती चित्रे पाहील. यातले काहीही चुकीचे नाही. शाळा उघडल्यावर शिक्षकाने एवढेच विचारावे की कोणते आवडले.

पालकांना वाचता येत नाही त्या घरांचे काय, हा प्रश्न जास्त खरा आहे. पण ऐकायला साक्षरता लागत नाही. दुपारी कूलरसमोर किंवा ओसरीत पडलेली आजी तिसरीतल्या नातवाची गोष्ट ऐकू शकते, मध्येच ‘मग काय झालं?’ विचारू शकते, आणि वाचताना अडखळलेल्या पोराला पुढे जायला तेवढे पुरते. वाचता न येणाऱ्या मुलासाठी गल्लीतली सहावी-सातवीची पोरे आहेत. गावोगावच्या माता-पालक गटांनी ही जोडी लावून द्यावी. मोबाइलवरचा मजकूर हा पर्याय म्हणून चांगला आहे. बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात, ते मोठ्या मुलांनी जरूर वाचावेत. पण मजुरीला जाणाऱ्या घरात फोन बहुधा एकच असतो आणि तो वडिलांबरोबर बाहेर जातो. सात-आठ वर्षांच्या मुलाला हातात घेता येईल असा कागदच हवा.

सेलूपासून थोड्याच अंतरावर सेवाग्राम आहे, आणि तिथल्या विचारातून येणारा आक्षेप टाळून पुढे जाणे बरोबर नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामाभोवती शिक्षण गुंफायचे ठरवले; नई तालीम उभी राहिली ती पुस्तकी शिक्षणाला विरोध म्हणूनच. मग वर्धा जिल्ह्यात सुटीतही पुस्तकांचा आग्रह कशाला? याचे उत्तर त्याच परिषदेच्या ठरावांत आहे. शिक्षण मातृभाषेतून व्हावे हाही त्यातला एक ठराव होता. घोकंपट्टीला विरोध आणि मातृभाषेशी घट्ट नाते, या दोन्ही गोष्टी मूल आपल्या आवडीचे मराठी पुस्तक परीक्षेच्या धाकाविना वाचते तेव्हा एकाच वेळी घडतात.

यात गावातल्या सार्वजनिक वाचनालयांनीही हात द्यावा. १९६७ च्या कायद्याखाली राज्यात अकरा हजारांहून अधिक वाचनालये अनुदान घेतात. मे आणि जूनमध्ये त्यांनी मुलांकडून अनामत न घेता पुस्तके द्यावीत आणि ऊन उतरल्यावर, संध्याकाळी, दोन तास दार उघडे ठेवावे. पण मुख्य काम शाळेचेच आहे, आणि त्यासाठी नवी योजना, नवे नाव, उद्घाटन यांची गरज नाही. १ मे रोजी निकालपत्रक घ्यायला मूल आणि पालक दोघेही शाळेत येतात. सेलूच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आणि वर्धा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने येत्या १ मेला निकालपत्रकासोबत प्रत्येक मुलाला त्याने स्वतः निवडलेली पाच पुस्तके द्यायला सांगावे, आणि फाटलेल्या पुस्तकाचा जाब शिक्षकाला विचारला जाणार नाही हे एप्रिलमध्येच लेखी कळवावे.