अपामार्गाचा मान

भाद्रपद उजाडला की गणरायाच्या २१ पत्रींची जमवाजमव घरोघरी सुरू होते. दूर्वा, शमी, बेल यांच्या पंक्तीत आघाड्यालाही स्थान आहे. श्रावणात जिवतीला दूर्वा-आघाड्याची माळ वाहतात, ऋषिपंचमीस स्त्रिया आघाड्याच्या काडीने दात घासतात आणि ज्येष्ठा गौरींच्या पूजेतही तो हवाच असतो. एरवी मात्र वस्त्राला चिकटणाऱ्या काटेरी फळांमुळे बांधावरचे तण म्हणूनच तो उपटला जातो.

पूर्वजांनी त्यास हा मान उगाच दिलेला नाही. अपामार्ग, म्हणजे पुसून स्वच्छ करणारा, हे त्याचे संस्कृत नाव. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात त्याला उद्देशून सूक्ते आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच ‘अपामार्गतण्डुलीय’ आहे. येथे तण्डुल म्हणजे त्याचे तांदळासारखे बी. शिरोविरेचनासाठी, म्हणजे मस्तकातील दोष नाकावाटे काढण्यासाठी, ते सांगितले आहे. वाळलेले झाड जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून ते पाणी आटविले की अपामार्गक्षार मिळतो. हा क्षार, स्नुहीचा चीक आणि हळद यांची पुटे दिलेला दोरा म्हणजे क्षारसूत्र. भगंदरावरील ही प्राचीन चिकित्सा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बनारस हिंदू विश्वविद्यालयातून पुन्हा प्रचारात आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे आढळले की, क्षारसूत्राने जखम भरण्यास शस्त्रक्रियेपेक्षा अधिक काळ लागतो. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण कमी राहते.

अर्थात क्षार दाहक असतो. तो घरी करून पाहण्याचा पदार्थ नव्हे. गर्भवतींनी तर आघाडा औषध म्हणून पोटात घेऊच नये. चिकित्सा तज्ज्ञ वैद्याच्याच हाती असावी.

गृहस्थाकडे काम आहे ते ओळख जपण्याचे. आज पत्री बाजारातून जुडीने येते आणि त्यातील आघाडा कोणता, हे घरातील मुलांना सांगता येत नाही. जुडी बांधणाऱ्याने भलताच पाला घातला तरी तो देवापुढे निमूट वाहिला जातो. ज्या पूजेने शतकानुशतके घराघरास वनौषधी शिकविल्या, तिच्यातील ज्ञान असे गळून पडावे, ही खेदाची गोष्ट होय.

यंदा मुलांना बरोबर घेऊन आघाडा शोधावा. हवे तेवढेच डहाळे खुडावेत, मूळ राखावे, तुरे पिकू द्यावेत. निर्माल्य नदीत न टाकता झाडांच्या मुळाशी घालावे. पत्री वाहताना तिचे नाव व गुण मुलांना सांगणे, हाही पूजेचाच भाग आहे.