चीर पडण्याआधीचा तास

18 ते 24 नोव्हेंबर हा आठवडा दरवर्षी जगभर प्रतिजैविकांविषयीच्या जनजागृतीचा म्हणून पाळला जातो. दवाखान्यांत फलक लागतात आणि 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका' असे रुग्णालाच बजावले जाते. ठीकच आहे. पण सल्ल्यानेच जे जास्तीचे दिले जाते, त्याचे काय? हे पाहायचे तर आतड्याच्या ऑपरेशनकडे पाहावे. तिथे औषध हवेच, याबद्दल दुमत नाही.

मोठे आतडे म्हणजे जंतूंचे आगर. ते कापायचे, जोडायचे आणि तरी पोटावरची जखम कोरडी राहावी, ही अपेक्षा. 1981 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 26 चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. प्रतिजैविक न दिलेल्यांपैकी 11.2 टक्के दगावले होते, दिलेल्यांपैकी 4.5 टक्के. यापुढे तुलनेसाठी कुणालाही औषधाविना ठेवू नये, असे लेखकांनी शीर्षकातच सुचवले. पुढे 2014 मध्ये कॉक्रेन संस्थेने 260 चाचण्या तपासल्या. औषधामुळे जखम चिघळण्याचे प्रमाण 39 टक्क्यांवरून 13 वर येते, असे त्यात दिसले.

पण हा गुण कोणत्या डोसचा? 1961 साली जॉन बर्क यांनी गिनीपिगांच्या कातडीत जंतू टोचून पाहिले. औषध आधी दिले की गाठ छोटी राही. तीन तास उशीर झाला की दिले काय नि न दिले काय, सारखेच. सुरी चालते त्या क्षणी औषध रक्तात आणि मांसात हजर हवे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या तपासणी यादीत, चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून विचारायचा एक प्रश्न आहे: गेल्या 60 मिनिटांत अँटिबायोटिक दिले का? भूलतज्ज्ञाने सलाईनच्या नळीतून सोडलेली ती एक सिरिंज, हेच खरे काम. ऑपरेशन लांबले किंवा रक्त फार गेले, तर पुन्हा एक डोस.

टाके पडले की हे काम संपते. प्रतिबंधाचे औषध ऑपरेशननंतर लांबवू नये, असे त्याच संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितले. अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेला असेल तर गोष्ट वेगळी. तो उपचार आहे, त्याला काही दिवस लागतातच. आपल्याकडे मात्र दोन्हींची सरमिसळ होते आणि सुरळीत पार पडलेल्या ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावरही पाच दिवसांच्या गोळ्या उतरतात.

दोष एकट्या सर्जनचा नाही. शेजारच्या खाटेवरच्याला सात दिवस इंजेक्शने आणि आपल्या आबांना एकच, हे नातेवाइकांना खटकते. जखमेतून पाणी आले तर 'औषध का थांबवलं?' हा प्रश्न हमखास येतो. 'वेळेवर दिलं होतं का?' हे सहसा कुणी विचारत नाही. मग डॉक्टरही स्वतःच्या झोपेसाठी लिहून मोकळे होतात. त्या जादा गोळ्या जखमेला काही देत नाहीत. आतड्यातले साधे जंतू तेवढे मरतात, दाद न देणारे उरतात आणि आबा त्यांना पोटात घेऊनच घरी जातात. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी सर्जनची गाठ त्यांच्याशीच असते.