वैमानिक नव्हता म्हणून काय झाले?

20 एप्रिल 2008 रोजी काळ्या समुद्राच्या किनाऱ्यालगत, अबखाझियाच्या आकाशात, एका लढाऊ विमानाने जॉर्जियाचे टेहळणी ड्रोन क्षेपणास्त्र सोडून पाडले. त्यात वैमानिक नव्हता. त्यामुळे कोणी मेले नाही, कोणी बंदिवान झाले नाही, कोणाच्या घरी दुःखाचा निरोप गेला नाही. यंत्र पडले, माणूस वाचला. मग एवढा गवगवा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज यावा. परंतु हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. किंबहुना अशा घटनांतील खरा धोका याच प्रश्नात दडलेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या भूमीचा पूर्वेतिहास ध्यानात घेतल्यावाचून या घटनेचा अर्थ उमगणार नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर 1992-93 साली अबखाझियात युद्ध झाले आणि दोन लाखांहून अधिक जॉर्जियनांस घरदार सोडून इंगुरी नदीपलीकडे जावे लागले. 14 मे 1994 रोजी मॉस्को येथे शस्त्रसंधीचा करार झाला. दोन्ही पक्षांमध्ये शांतिसेना उभी राहिली; ती नावाने सोव्हिएतोत्तर राष्ट्रकुलाची, पण प्रत्यक्षात रशियाची होती. तिच्या जोडीस संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्र निरीक्षक होते. म्हणजे रशिया हा त्या शेताचा राखणदार होता, ही गोष्ट वाचकांनी विसरू नये.

पडलेले ड्रोन इस्रायली बनावटीचे, ‘हर्मीस 450’ जातीचे होते. त्याच्या पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरील केंद्राकडे सतत चित्रे धाडीत होता. आपल्या रोखाने येणारे विमान, त्याच्या पंखाखालून सुटलेले क्षेपणास्त्र आणि त्यामागचा धुराचा पट्टा, हे सारे त्याने टिपले आणि मग पडदा काळा झाला. मारेकऱ्याची साक्ष खुद्द मृताने द्यावी, असा हा प्रकार! अबखाझियाने सांगितले की, आपल्याच एल-39 विमानाने हे काम केले. रशियाने आपला संबंध साफ नाकारला. परंतु एल-39 विमानास एकच उभी शेपटी असते आणि चित्रफितीतील विमानास तर दोन होत्या. खोटे बोलणाराने निदान शेपट्या तरी मोजावयास हव्या होत्या!

संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी चित्रफीत आणि रडारच्या नोंदी तपासून 26 मे 2008 रोजी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. चित्रफीत अस्सल आहे, विमान मिग-29 अथवा सुखोई-27 जातीचे आहे आणि ड्रोन पाडल्यावर ते उत्तरेकडे रशियाच्या हवाई हद्दीत गेले, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. कुंपणानेच शेत खाल्ले होते. परंतु निरीक्षक एवढ्यावर थांबले नाहीत. संघर्षक्षेत्रावर टेहळणीसाठी ड्रोन उडविणे हाही 1994 च्या कराराचा भंगच होय, असे त्यांनी जॉर्जियासही सुनावले. ‘भूमी माझी, म्हणून आकाशही माझे’ हा जॉर्जियाचा युक्तिवाद सार्वभौमत्वाच्या दृष्टीने कितीही रास्त असो, ज्याने शस्त्रसंधीवर सही केली त्याने त्या सहीने आपलेही हात बांधून घेतलेले असतात. दोघांचेही माप त्यांच्या पदरात घालणारा हा निवाडा आम्हांस मोलाचा वाटतो. मोठ्याचे खोटे उघडे पाडताना लहानाची चूक झाकावयाची नसते, हा न्यायाचा पहिला धडा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 1 मे 1960 रोजी सोव्हिएत प्रदेशावर अमेरिकेचे यू-2 विमान पडले आणि गॅरी पॉवर्स हा वैमानिक जिवंत हाती लागला. पॅरिस येथे भरावयाची शिखर परिषद त्यामुळे मोडली आणि त्या वैमानिकाच्या सुटकेस फेब्रुवारी 1962 उजाडावे लागले. धडा कोणता घेतला गेला? दुसऱ्याच्या आकाशात शिरू नये, हा नव्हे; शिरताना माणूस बसवू नये, हा! नोव्हेंबर 1964 मध्ये चिनी लढाऊ विमानाने अमेरिकेचे वैमानिकरहित टेहळणी विमान पाडले, ते याच धड्याचे फळ होते. वैमानिक बसलेला असला म्हणजे त्यास धाडणारा दहादा विचार करतो आणि त्यावर नेम धरणाराही दहादा विचार करतो. तो माणूस काढून टाकला की दोन्ही बाजूंचा विचार संपतो. धाडणारा म्हणतो, ‘गेले तर यंत्र जाईल.’ पाडणारा म्हणतो, ‘पाडले तर यंत्रच पडेल.’ अशा रीतीने शस्त्र चालविण्याची सवय दोघांनाही लागते. पहिली गोळी स्वस्त झाली म्हणजे दुसरी फार दूर राहत नाही.

जॉर्जियात ती दूर राहिली नाही. ऑगस्ट 2008 मध्ये युद्ध पेटले. एका ड्रोनामुळे ते पेटले, असे आम्ही म्हणत नाही. त्याची ठिणगी दक्षिण ओसेतियात पडली आणि जॉर्जियाने त्स्खिनवालीवर केलेल्या तोफमाऱ्याने त्यास तोंड फुटले, असे युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशी मंडळाने 2009 साली सांगितले आहे. त्याच मंडळाच्या हिशेबाने त्या युद्धात सुमारे 850 माणसे मेली आणि एक लाखाहून पुष्कळ अधिक नागरिक परागंदा झाले. एप्रिलमध्ये यंत्र पडले होते, ऑगस्टमध्ये माणसे पडली. आणि ज्यांनी दोन्ही बाजूंस खरे ऐकविले, त्या निरीक्षक पथकाची मुदत वाढविण्याचा ठराव जून 2009 मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून हाणून पाडला. साक्षीदारच नको, म्हणजे खटलाही नको!

हे दूरदेशीचे आख्यान आम्ही उगाच सांगत नाही. 7 जून 2002 रोजी, भारत व पाकिस्तान यांच्या सेना समोरासमोर उभ्या असताना, पाकिस्तानी लढाऊ विमानाने लाहोरनजीक भारताचे मानवरहित टेहळणी विमान पाडले. मार्च 2019 मध्ये बिकानेर भागात भारतीय सुखोई विमानाने पाकिस्तानी ड्रोन पाडल्याचे वृत्त आले. मे 2025 च्या संघर्षात तर दोन्ही बाजूंनी अशा यानांचे थवेच्या थवे उडाले. उभय देशांनी 6 एप्रिल 1991 रोजी हवाई हद्दीविषयी एक करार केला होता. लढाऊ विमानांनी, आणि त्यांत टेहळणीची विमानेही आली, परस्परांच्या हद्दीपासून 10 किलोमीटर दूर राहावे. अनवधानाने हद्द ओलांडली गेल्यास तत्काळ चौकशी करून दुसऱ्या पक्षास कळवावे, असे त्यात शहाणपणाने लिहिले होते. परंतु वैमानिकरहित विमानाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. 1944 च्या शिकागो कराराच्या आठव्या कलमाने, परवानगीवाचून असे विमान दुसऱ्याच्या देशावर नेऊ नये, असे बजावले आहे खरे. पण तो करार नागरी विमानांपुरता आहे, लष्करी यानांस तो लागू नाही.

ही फट बुजविली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. वैमानिक असो वा नसो, सीमेपासून किती अंतर राखावे हे लेखी ठरावे. वाट चुकलेल्या यानाची सूचना देण्यासाठी उभय हवाई दलांत थेट दूरध्वनी असावा. आणि यान पडलेच तर त्याची चित्रे व रडारच्या नोंदी दोन्ही पक्षांस तपासता याव्यात. हे मैत्री झाल्यावर करावयाचे काम नव्हे. वैर आहे म्हणूनच ते आधी करावयाचे असते. ड्रोनात माणूस नसतो, पण ते जेथे कोसळते त्या शिवारात नांगर धरलेला माणूस असतो, आणि सीमा पेटली म्हणजे पहिले घर त्याचेच जळते. राजधान्यांत बसून आकाशाचा हिशेब मांडणारांनी खाली जमिनीवर कोण राहतो, हे एकदा पाहून घ्यावे.