बंदूक कशी दिसते यापेक्षा ती काय करते, हे बघा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अमेरिकेत राहतो आणि माझ्या घरी कायदेशीर रायफल आहे. ‘असॉल्ट वेपन’वर बंदी हवी की नको, असं भारतातले मित्र विचारतात. मी आधी विचारतो, असॉल्ट वेपन म्हणजे नेमकं काय?

अनेकांच्या डोळ्यांसमोर मशिनगन येते. मशिनगनवर इथे १९३४ पासून कडक नियंत्रण आहे आणि १९८६ नंतर बनलेली मशिनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. वाद आहे तो सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचा. त्यात एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप भरली जाते.

१९९४ च्या केंद्रीय कायद्याने काही मॉडेलं नावानिशी बंद केली. इतर रायफलींना एक कसोटी लावली : मॅगझिन काढता-घालता येतं आणि घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवायची सोय अशांपैकी दोन गोष्टी आहेत, तर ती असॉल्ट वेपन. कंपन्यांनी संगिनीची सोय काढली, नळीच्या टोकाचे आटे काढले आणि जवळपास तीच रायफल पुन्हा विकायला ठेवली. साध्या दस्त्याच्या रुगर मिनी-१४ ला तर कायद्यानेच सूट होती. ती आणि एआर-१५ एकाच प्रकारची गोळी झाडतात! फाईलचं फक्त नाव बघून व्हायरस शोधावा, तसा हा प्रकार. २००४ मध्ये या कायद्याची मुदत संपली.

इथवर मी इतर बंदूकधारकांशी सहमत आहे. पण त्यांच्यातले बरेच जण पुढे म्हणतात, “व्याख्या चुकीची, म्हणून कायदाच नको.” हे मला पटत नाही. कोडमध्ये चूक सापडली तर आपण ती दुरुस्त करतो, सॉफ्टवेअर फेकून देत नाही.

१५ मार्च २०१९ चा जुम्मा आठवा. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जण शहीद झाले. तिथे मोठ्या मॅगझिनच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला विशेष परवाना लागायचा, पण मोठं मॅगझिन सुटं घ्यायला बंधन नव्हतं. मारेकऱ्याने साध्या परवान्यावर रायफली घेतल्या आणि त्यांना मोठी मॅगझिन लावली. महिन्याभरात तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घातली. छोट्या कॅलिबरच्या आणि शेतीत लागणाऱ्या काही बंदुका वगळल्या. मूठ आणि दस्ता न बघता बंदूक गोळी कशी भरते आणि किती गोळ्या सामावते, हे बघितलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात स्वसंरक्षणासाठी घरी बंदूक ठेवण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि मोठं मॅगझिन, दोन्हींसाठी परवाना आणि पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची हवी, खासगी विक्रीतसुद्धा. या व्याख्येत माझी रायफलही येते. येऊ दे. मी रांगेत उभा राहून परवाना काढेन. जुम्म्याला मशिदीत गेलेला माणूस घरी परतणं, हाही हक्कच आहे.