उंबरातला किडा आणि मेंदूतली सुई

उंबराचे दोन वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो आहोत. क्वचितच दिसणारी व्यक्ती म्हणजे 'उंबराचे फूल' आणि आपल्या इवल्याशा जगालाच विश्व समजणारा अज्ञ जीव म्हणजे 'उंबरातला किडा'. बालकवींची आठ ओळींची 'औदुंबर' शिकवताना त्या झाडाच्या प्रतीकार्थावरही आम्ही तासच्या तास बोललो. मात्र एखादे उंबर फोडून आत काय चालले आहे, हे आम्ही कधी पाहिले नाही आणि विद्यार्थ्यांनाही पाहायला सांगितले नाही. या लेखाचा विषय आमची ही उणीव आहे. निमित्त मात्र मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आहे.

उंबराला फुले येतात. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आतच ती असतात. चिलटाएवढी एक माशी त्याच्या तोंडातून आत शिरते आणि परागीभवन करते. तिच्या नात्यातली दुसरी, परोपजीवी माशी आत शिरतच नाही. ती बाहेरूनच कच्च्या उंबराला भोक पाडते आणि आत अंडी घालते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नम्रता गुंडैया आणि त्यांचे सहकारी यांनी या माशीच्या अंडी घालण्याच्या नळीचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. ही नळी केसाहून बारीक असून तिच्या टोकाला दात आहेत आणि त्या दातांत जस्त आहे. ज्याला आपल्या भाषेने अज्ञानाचे प्रतीक ठरवले, तो जीव धातूने बळकट केलेले गिरमिट घेऊन फिरतो आहे!

मेंदूच्या शस्त्रक्रियेतही प्रश्न भोक पाडत खोलवर जाण्याचाच असतो. गाठीचा नमुना घ्यायचा किंवा तिथवर औषध पोचवायचे, तर कवटीला लहानसे छिद्र पाडून सुई आत न्यावी लागते. नेहमीची सुई ताठ असते व सरळ रेषेतच जाते. वाटेत मोठी रक्तवाहिनी आली, वाचेचा किंवा हालचालींचा भाग आला, तर तिला वळसा घालता येत नाही. शिवाय मेंदू मऊ असल्यामुळे सुई मागून रेटली की भोवतालचा भाग दाबला, ओढला जातो.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील फर्डिनांडो रॉड्रिग्ज इ बाएना यांच्या गटाने यावर उपाय शोधला तो लाकूड पोखरणाऱ्या गांधीलमाशीपाशी. उंबरातल्या माशीची ही दूरची नातलग. तिच्या नळीच्या कार्यपद्धतीचा उलगडा ज्युलियन व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९५ साली केला होता. ही नळी एकसंध नसते, तिच्या लांब पट्ट्या एकमेकींवर घसरतात. एका पट्टीचे मागे वळलेले दात लाकूड धरून ठेवतात, तेवढ्यात दुसरी पुढे सरकते; मग दुसरी धरते आणि पहिली सरकते. मागून फारसा रेटा द्यावा लागत नाही, म्हणून इतकी बारीक नळी वाकून मोडत नाही. लंडनच्या सुईतही असे घसरणारे चार भाग आहेत. त्यांतला एखादा पुढे सरकवला की टोक तिरपे होते आणि सुई वळते. सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या या सुईची जिवंत मेंढीच्या मेंदूत घेतलेली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांच्या नित्याच्या शस्त्रक्रियेत ती अजून आलेली नाही.

साहित्याच्या शिक्षकांनी कान टवकारावेत ते इथे. उपमेची चार अंगे आपण शिकवतो : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचक शब्द. या संशोधकांनी माशीचे रूप घेतले नाही, साधारणधर्म तेवढा घेतला. माशीच्या नळीत घसरणारे भाग तीन, सुईत चार. कारण सुईला हव्या त्या दिशेला वळायचे आहे. उपमान कुठवर चालते आणि कुठे सोडावे लागते, याचे इतके काटेकोर भान आमच्या वर्गातल्या रसग्रहणांत आम्हांला क्वचितच आढळले.

भोसरीच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी तासाला बसणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याला हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "सर, पट्ट्या घसरतात हे ठीक, पण सुट्या का होत नाहीत? लेथच्या स्लाइडला असते तशी खाच असणार." आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. पुढे वाचनात आले, की माशीच्या नळीत खरोखरच एका पट्टीचा कंगोरा दुसरीच्या खाचेत अडकलेला असतो. तीन वर्षे मागच्या बाकावर मुका बसलेला हा मुलगा त्या दिवशी आमच्यापेक्षा चांगला वाचक ठरला.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात असे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्या हातांना मायक्रॉनचा फरक कळतो. परंतु ते ज्ञान मराठीच्या वर्गाबाहेर ठेवून यायचे असते, असा त्यांचा समज आम्हीच करून दिला आहे. कोणी म्हणेल, हे काम विज्ञानाच्या प्राध्यापकांचे. आम्हांला तसे वाटत नाही. यंत्र कसे चालते हे नेमक्या मराठीत सांगता येणे ही भाषेचीच कसोटी आहे. दुसरे कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते. उंबराला फूलच नसते असे मानून वाक्प्रचार घडवणाऱ्या परंपरेने तरी असा दावा करू नये. तिचे मोठेपण अन्यत्र पुष्कळ आहे.

आमची सूचना साधी आहे. रसग्रहणाच्या प्रश्नाइतकेच गुण असलेला एक प्रश्न असा असावा : तुम्ही हाताळलेल्या एका वस्तूचे कार्य, ती न पाहिलेल्या वाचकाला समजेल असे लिहा. आणि 'औदुंबर' शिकवण्याच्या दिवशी शिक्षकाने वर्गात दोन-चार उंबरे घेऊन जावे. प्रतीकार्थ त्यानंतर सांगितला तरी चालेल.