चप्पल कुणाची, अस्मिता कुणाची?

जून २०२५. प्राडानं पुढच्या उन्हाळ्याच्या फॅशनसाठी मिलानमध्ये कोल्हापुरी चप्पल उतरवली, नाव न घेता. लगेच इथले पांढरपेशे बोंबलले, महाराष्ट्राची अस्मिता चोरली!

मी विचारतो, कुणाची अस्मिता? २०१९ च्या भौगोलिक मानांकनात आमचे सातारा-सांगलीही आहेत. तिथं कातडं कमावलं ढोरानं, टाका घातला चांभारानं. त्या हातांना तुम्ही विटाळ म्हणालात. तुमच्या वाड्यापुढनं जाताना आमच्या आज्यानं हीच चप्पल काखेत मारली. २०१५ ला बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, कारागिराचं कातडं तुटलं. तेव्हा ही अस्मिता कुठं निजली होती?

बोंब झाल्यावर प्राडानं श्रेय दिलं, डिसेंबरात करार केला: २००० जोड, एकाची किंमत सुमारे ८०० युरो. दोस्तहो, श्रेयावर भुलू नका. त्यातले कारागिराच्या हातात किती पडतात, ते आधी विचारा.